डी ले धक्का नाही

स्वातंत्र्य ही माणसाची अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्याही आधीची गरज आहे. अमरावतीचे रऊफसर हे वाक्य दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत. सर ज्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत ते विनाअनुदानित होतं, त्यामुळे अन्न, वस्त्र आणि निवारा हे खातं त्यांच्या बायकोकडे, शाइस्ताकडे होतं. ती जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेवर पगारी मास्तरीण होती. जगातली चांगली गोष्ट माणसाला फुकट मिळाली पाहिजे, असं सरांचं ठाम मत होतं. सरांच्या बाबतीत संस्थाचालकांचंही नेमकं हेच मत होतं, आणि या एका मुद्द्यावर कॉलेजात कधी वाद झाला नाही.

फुकटच्या गोष्टींत सरांचा सगळ्यात जास्त जीव लिनक्सवर होता. विंडोज म्हणजे भाड्याचं घर, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. लिनक्स म्हणजे स्वतःचं. हे ते पोटतिडकीने सांगत आणि संध्याकाळी आपल्या भाड्याच्या घरी जात. कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मशिनींवर त्यांनी स्वतः लिनक्स टाकलं होतं. त्या मशिनींमध्ये आधी काहीच नव्हतं, म्हणून टाकताना कोणाचं काही गेलं नाही. हे लक्षात ठेवावं.

अकोल्याच्या संघपाल तेलगोटेसाठी मात्र ते सर नव्हते, नुसता रऊफ होता. दोघं अमरावतीला बीएस्सीला एका बाकावर बसले होते. एक मास्तर झाला, एक बाबू. संघपाल पाटबंधाऱ्याच्या एका उपविभागात वरिष्ठ लिपिक होता. उपविभागाच्या ताब्यात एक कालवा होता. कालव्यात पाणी नव्हतं, पण कालवा होता, आणि कालवा आहे म्हटल्यावर त्याचं रेकॉर्ड होतं. ते संघपाल सांभाळायचा, आणि चांगलं सांभाळायचा. त्या कालव्याचा एक कागद कधी हरवला नाही.

ऑफिसातून घरी आला की त्याला एकच छंद होता. जुन्या कॅसेटमधले आवाज तो कॉम्प्युटरवर घेऊन धूत असे. खरखर काढायची, भोंग्याची शिट्टी काढायची, मध्येच कोणाचं पोरगं रडलं असेल तर ते काढायचं. कॅसेट सगळ्या एकाच बाईच्या होत्या. ती बाई म्हणजे त्याची माय, सुंदराबाई.

एके काळी ‘सुंदराबाई आणि पार्टी’ म्हटलं की चांदूर बाजारपासून बार्शीटाकळीपर्यंत माणसं सतरंजी काखेत मारून निघायची. जयंतीच्या दिवसांत तिला घरी झोपायला मिळत नसे. “सांग पाटला, विहीर तुझी खोल किती” हे तिचं गाणं सुरू झालं की गावातला पाटील, जो मागे उभा राहून ऐकत असायचा, तो घरी जायचा. पार्टीत बँजो वाजवायला एक उस्ताद होते. ते रऊफचे अब्बा. गाण्यात एखादी जागा चांगली आली की सुंदराबाई थांबून म्हणायची, “वा उस्ताद,” आणि उस्ताद तीच जागा परत घ्यायचे. हे सगळं कॅसेटमध्ये होतं.

मग उस्ताद गेले. ढोलकीवाला गेला. आणि तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात सुंदराबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव राहिला, वाचा गेली. जिनं चार तालुके आवाजावर उभे केले, तिच्याजवळ आता एक “हं” उरला होता, आणि तोही चहा हवा की नको एवढ्यापुरता.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. संध्याकाळी संघपाल कॉम्प्युटरचं बटण दाबायचा. विंडोज सुरू होताना ती ओळखीची चार सुरांची धून वाजायची. ती वाजली की खाटेवर पडलेली सुंदराबाई मान वळवायची, डाव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा करायची, आणि बोटं खाटेच्या पाटीवर ठेवून तयार राहायची. मग गाणं लागायचं. ती स्वतःला ऐकायची आणि ठेका धरायची.

“आत्याबाईचा रियाज सुरू झाला,” संघपालची बायको माया आतून म्हणायची, आणि कुकर गाण्याच्या आधी लावायची, कारण शिट्टी मध्ये आलेली सासूला चालत नसे.

गाणी सगळी कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये होती. सी आणि डी हे काय प्रकरण आहे ते गल्लीतल्या गोवर्धन मेकॅनिकनं मशीन आणलं त्याच दिवशी समजावून दिलं होतं. “पाहा साहेब, सी म्हणजे वसरी. कोनी येते, कोनी जाते, घान होते. डी म्हणजे आतली खोली. जे जपाचं ते डी मंदी ठेवा.” दर सहा महिन्यांनी मशीन रडायला लागलं की गोवर्धन यायचा, फॉर्मॅट मारायचा, चहा प्यायचा आणि जाताना न चुकता म्हणायचा, “सी नवी झाली. डी ले धक्का नाही.” अकोल्यात असं एक घर नसेल जिथं हे तत्त्व ठाऊक नव्हतं. लोकांनी लग्नाचे फोटो, पोरांचे दाखले, सात-बाराच्या नकला, सगळं डी मध्ये ठेवलं होतं आणि निवांत झोपत होते. संघपालच्या ऑफिसात मात्र कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असे, आणि त्यात ड वर्गाचा कागद वर्षभरात जाळायचा असा नियम होता. पण ऑफिसचं ऑफिसात, घरचं घरी.

ऑफिसची एक सवय मात्र तो घरी घेऊन आला. नक्कल झाली, तपासली, की मूळ प्रत निकाली काढायची. सगळी गाणी डी मध्ये गेल्यावर दोन पिशव्या भरून कॅसेट उरल्या. मायाला त्यांची धूळ नको होती. त्याच सुमारास तिवश्याकडचा त्याचा मामेभाऊ देवमन आला होता. म्हणाला, “फेकून राह्यला त मले दे. रीळ वावरात बांधतो. ऊन पडलं का चमकते, वारा लागला का गुनगुनते, पाखरू बसत नाही.” संघपालनं दिल्या. रेकॉर्ड निकाली निघालं.

संकट आलं ते पेनड्राइव्हमधून. ऑफिसातला कोणाचा तरी पेनड्राइव्ह लावला आणि डी मधल्या सगळ्या गाण्यांचे शॉर्टकट झाले. नाव दिसायचं, गाणं लागायचं नाही. त्या संध्याकाळी धून वाजली, सुंदराबाईनं पदर सारखा केला, आणि काहीच आलं नाही. ती बराच वेळ बोटं तशीच ठेवून होती. गोवर्धननं येऊन काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि गाणी परत आणली. त्यानंतर चांदूर बाजारचा एक जुना श्रोता खास गाणी मागायला आला, तर संघपालनं त्याचा पेनड्राइव्ह हातातही घेतला नाही. बिचारा चहा पिऊन गेला. त्यामुळे त्या गाण्यांची जगात दुसरी प्रत नव्हती.

मग एक दिवस पडदाच काळा झाला. कोपऱ्यात इंग्रजीत लिहून आलं की आपण फसवणुकीचे बळी असू शकता. संघपालला हे मान्य होतं. फक्त कोणत्या फसवणुकीबद्दल म्हणताहेत ते कळेना. आणि एप्रिलमध्ये पेपरात बातमी आली की त्याच्या मशीनमधल्या विंडोजकडे आता कंपनी लक्ष देणार नाही, व्हायरस आला तर ज्याचं त्यानं पाहावं.

त्यानं रऊफला फोन लावला.

“मी तुले दहा वर्षांपासून सांगून राह्यलो,” रऊफ म्हणाला. “लिनक्स टाक. व्हायरस काय, व्हायरसचा बाप नाही येत.”

“मायची गानी आहेत रे त्याच्यात.”

“माह्या अब्बाचा बँजो नाही काय त्याच्यात? मले काय दुश्मनी आहे? मी येतो शुक्रवारी.”

शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती. रऊफ सकाळच्या एसटीनं आला, उन्हानं लाल होऊन. आल्या आल्या खाटेजवळ जाऊन वाकला. “सलाम मौसी. वळखलं काय?” सुंदराबाई म्हणाली, “हं.”

“वळखलं,” रऊफ खूश झाला.

“चहा पाह्यजे म्हनून राह्यल्या त्या,” माया म्हणाली.

चहा झाला. रऊफनं पिशवीतून डीव्हीडी काढली, ती टिचकी मारून वाजवली आणि म्हणाला, “आधी न टाकता दाखवतो. मुलगी पाह्याची, मंग हो म्हनाचं.” मशीन डीव्हीडीवरून सुरू झालं. धून वाजली नाही. सुंदराबाईनं मान वळवली नाही. पडद्यावर सगळं वेगळं, स्वच्छ, अनोळखी. रऊफनं एका खिडकीत दोन-तीन चित्रं दाखवली. “हे तुही हार्डडिस्क.”

“सी कोनती अन् डी कोनती?”

“याच्यात ए-बी-सी-डी नसते भाऊ. वर नाही, खाली नाही. सगळे एका रांगेत.”

संघपालला हे तत्त्व लगेच पटलं. ते न पटणारं त्याच्या घरात तीन पिढ्यांत कोणी झालं नव्हतं.

रऊफनं एक चित्र उघडलं आणि गाणं लावलं. “सांग पाटला.” लिनक्समध्ये ते विंडोजपेक्षा जास्त मोकळं वाजलं, असं दोघांनाही वाटलं. सुंदराबाईनं दचकून मान वळवली, धून न वाजता गाणं कसं आलं म्हणून, आणि मग घाईघाईनं ठेका धरला. मधल्या जागेवर ती थांबली, “वा उस्ताद” म्हणाली, म्हणजे कॉम्प्युटरमधली म्हणाली, आणि उस्तादांनी जागा परत घेतली. रऊफनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

“टाक,” संघपाल म्हणाला.

तेवढ्यात मशिदीची अजान झाली. जुम्मा होता. रऊफ उठला. “मी नमाज पढून येतो. तू सुरू कर.”

“मी?”

“अबे बीएस्सी आहेस ना? कंटिन्यू, कंटिन्यू दाबत जाय. त्यालेच समजते सगळं. तीन वाजता तुमच्याकडची लाईन जाते म्हनते ना वहिनी? मंग थांबू नको. मधात लाईन गेली त ना इकडचा ना तिकडचा.”

“अन् डी चं?”

रऊफ फाटकाबाहेर पोचला होता. चपलेत पाय घालता घालता म्हणाला, “याच्यात डी-बी काही राह्यतच नाही, सांगतलं ना.”

हे वाक्य खरं होतं. पुढे ते जास्तच खरं ठरलं.

संघपाल खुर्ची ओढून बसला. आयुष्यात त्यानं वाचल्याशिवाय कशावर सही केली नव्हती, तसं प्रत्येक पानही तो वाचूनच पुढे जात होता. एका पानावर तीन गोळे आले. पहिला, डिस्क पुसून लिनक्स टाका. दुसरा आणि तिसरा लांबलचक इंग्रजीत होते आणि त्यांत भाग, आकार, इतर काही असं बरंच होतं. पहिल्यावर आधीच टिंब होतं, म्हणजे शिफारस होती.

त्यानं ते पान तीन वेळा वाचलं. डिस्क पुसून. पुसायची तर असतेच. गोवर्धन इतकी वर्षं दुसरं काय करत होता? मग त्यानं पानभर डी शोधला. वर, खाली, कंसात, बारीक अक्षरांत. कुठेही डी चा उल्लेख नव्हता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: आदेशात ज्याचा उल्लेख नाही, त्याला आदेश लागू होत नाही. त्यानं पहिलं ठेवलं.

खाली आणखी एक चौकोन होता: सुरक्षिततेसाठी अमुक करा. संघपालला सुरक्षितताच तर हवी होती. त्यानं खूण केली. पुढच्या पानावर मशीननं कुलपासाठी शब्द मागितला. त्यानं मायचं नाव दिलं. बाजूला आलं: कमजोर. त्यानं जन्मसाल जोडलं. त्याखाली अजून एक चौकोन होता: अधिक सुरक्षिततेसाठी, डिस्कवरची रिकामी जागा घासूनपुसून घ्या, वेळ जास्त लागेल. रिकामी जागा पुसायला कोणाची काय हरकत असणार? जागा रिकामी असली तरी धूळ असतेच. त्यानं तीही खूण केली. असा सावध माणूस मशीनला त्या दिवशी क्वचितच भेटला असेल.

मग जगाचा नकाशा आला आणि तुम्ही कुठे राहता म्हणून विचारलं. भारतात एकच टिंब होतं, कलकत्त्याचं. त्यानं कलकत्ता दाबलं.

“काय करून राह्यले?” मायानं दारातून विचारलं.

“साफसफाई.”

“डी ले धक्का नाही ना?”

“नावच नाही डी चं,” संघपाल म्हणाला, आणि पडद्यावरची पट्टी हळूहळू भरताना पाहत बसला. मशीन इतकं मन लावून काम करताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. लाईन जायच्या थोडं आधी पट्टी भरली. मशीननं अभिनंदन केलं.

रऊफ मशिदीबाहेर कोणी ओळखीचा भेटल्यामुळे उशिरा आला, हातात खरबुजाची पिशवी घेऊन. “झालं?”

“झालं.”

“वा. आता तू आझाद.”

त्यानं मशीन सुरू केलं. संघपालनं कुलपाचा शब्द घातला. स्वच्छ पडदा आला. ‘म्युझिक’ नावाचा फोल्डर अगदी समोर होता. रऊफनं तो उघडला. आत काही नव्हतं. त्यानं बंद केला आणि परत उघडला, जसं रिकाम्या टपालपेटीचं दार माणूस परत उघडतो. मग इतर फोल्डर पाहिले. मग हार्डडिस्कचं ते चित्र शोधलं. मग तो टाइप करायला लागला.

“रऊफ.”

“हं.”

“डी कुठी आहे?”

“तू कोनतं दाबलं?”

“पयलं.”

“पयलं म्हनजे?”

“पुसाचं.”

“काहून?”

“त्याच्यात डी चं नाव नव्हतं.”

रऊफनं खरबुजाची पिशवी खाली ठेवली. ती इतका वेळ त्याच्या मनगटातच होती. “पुसलेलं परत आनता येते,” तो म्हणाला. “घाबरू नको. वरून पुसलं तरी आत राह्यते. फक्त त्याच्यावर दुसरं काही घासलं नसलं पाह्यजे.”

संघपालनं दुसऱ्या चौकोनाबद्दल सांगितलं. अधिक सुरक्षिततेच्या.

रऊफनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर लाईन गेली आणि पंखा थांबत थांबत थांबला.

“मी लॅबमंदी कधी ते खूण करतच नाही,” तो म्हणाला. “वेळ लागते म्हनून.”

“तू मले सांगतलं नाही.”

“तू इतका हुशार असशीन मले काय मालूम?”

लाईन आल्यावर गोवर्धनला बोलावलं. त्यानं पडदा पाहिला, मशीनचं झाकण काढून आत पाहिलं, फुंकर मारली. “डी च नाही,” तो म्हणाला. “असं मी पाह्यलंच नाही आजपर्यंत. आमच्याच्यानं अशी चूक होत नाही साहेब.” आणि चहा न पिता गेला. तो चहा न पिता गेला तेव्हा मायाला परिस्थितीची पुरती कल्पना आली.

संध्याकाळ झाली. सुंदराबाई कॉम्प्युटरकडे पाहत होती. तिला कोणी काही सांगितलं नाही. सांगून तिला “हं” म्हणण्यापलीकडे काय करता आलं असतं?

भाकरी थापता थापता मायाचा हात थांबला. “अवो. देवमनभाऊजीले कॅसेटी देल्ल्या होत्या ना?”

दुसऱ्याच दिवशी संघपाल आणि मुक्कामाला थांबलेला रऊफ निघाले. अकोला-अमरावती एसटी, अमरावतीहून तिवश्याची एसटी, आणि फाट्यावरून काळीपिवळी. वाटेत रऊफ एकच गोष्ट बोलत होता: रीळ उन्हात राहिलं तरी आवाज राहतो, त्यानं कुठेतरी वाचलं होतं. कुठे वाचलं ते संघपालनं विचारलं नाही.

देवमन घराच्या सावलीत बसला होता. बायको केशरबाईनं पाणी दिलं.

“रीळ?” देवमन म्हणाला. “आहे ना. वावरातच आहे. कोन काढते?”

“अन् डब्या? कॅसेटीच्या?”

“त्या मी चुलीत घातल्या,” केशरबाई म्हणाली. “जयते मस्त, पन घान सुटते.”

वावर गावाला लागूनच होतं. काळी जमीन उन्हानं फाटली होती, भेगेत काठी गेली असती. बांधाच्या खुंट्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपकिरी रीळ ताणलेलं होतं. काही तुटून लोंबत होतं, काही बोरीच्या काट्यांत गुंतलं होतं. वावरात पीक नव्हतं. रिळाची राखण चालू होती.

“कामी आलं काय?” रऊफनं विचारलं.

“ज्वारीले बांधलं होतं,” देवमन म्हणाला. “तिच्यावर त महिनाभर पानी बरसलं. दाना काया पडला सारा, बुरशी आली. पाखरानं तोंडही नाही लावलं. मंग हरभरा पेरला, तो गारीनं झोडला. म्हनून आता असंच आहे. पाखरं बसून राह्यतात त्याच्यावर. झोक्यावानी.”

खरंच दोन साळुंक्या रिळावर बसल्या होत्या.

वारा सुटला. सगळं रीळ एकदम थरथरलं आणि बारीक, लांब, एकसारखा आवाज यायला लागला. संघपाल आणि रऊफ दोघंही जागच्या जागी उभे राहिले. देवमनला कळेना पाहुणे काय ऐकताहेत.

“हे असंच करते,” तो म्हणाला. “पयले पयले ही रातची उठून बसे. आता सवय झाली.”

ते दोघं दुपारभर रीळ गोळा करत होते. हाताला लागलं की तपकिरी भुगा व्हायचा. जिथं सावली होती, बोरीच्या बुडाशी, तिथलं जरा धड निघालं. साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत ते मावलं. चार तालुक्यांतला जलसा होता तो, पण पिशवी अर्धीच भरली.

रऊफनं अमरावतीला नेऊन काय काय केलं ते शाइस्तालाच माहीत; तुटलेलं रीळ जोडण्यात आपली नेलपॉलिशची बाटली संपली एवढं तिनं नंतर फोनवर मायाला सांगितलं. आठवड्यानं तो एक कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर घेऊन अकोल्याला आला. सुंदराबाईच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवला. खटका दाबला.

सूं असा आवाज आला. वाढला, कमी झाला, परत वाढला.

“ऐक,” रऊफ म्हणाला. “ऐक. हे पाह्य. हा अब्बाचा बँजो.”

संघपालनं कान लावला. त्याला वारा ऐकू येत होता.

“तुले येऊन राह्यला ना?”

संघपालनं खाटेकडे पाहिलं. सुंदराबाई छताकडे पाहत होती. तिनं मान वळवली नाही.

“येऊन राह्यला,” संघपाल म्हणाला.

जाताना रऊफनं आणखी एक काम केलं. चांगल्या मनानं केलं. त्याच्या लक्षात आलं होतं की मौसी रोज त्या विंडोजच्या धुनेची वाट पाहते आणि लिनक्स मुक्यानं सुरू होतं. त्यानं गोवर्धनकडच्या चकतीतून ती चार सुरांची धून काढून घेतली आणि लिनक्सला लावून दिली. आता मशीन सुरू झालं की पहिल्यासारखी धून वाजते.

वाजली की सुंदराबाई मान वळवते. डाव्या हातानं पदर सारखा करते, बोटं खाटेच्या पाटीवर ठेवते. संघपालनं एकदा ती धून बंद करून पाहिली, तेव्हा ती उजाडेपर्यंत झोपली नाही. मायानं दुसऱ्याच दिवशी ती परत लावायला सांगितली. धून वाजते, मग काही वाजत नाही, मग बोटं हळूहळू खाली येतात, आणि माया कुकर लावते. आता तो कधीही लावला तरी चालतो. संघपाल खुर्चीत बसून पत्ते खेळतो. लिनक्समध्ये पत्त्यांचे बरेच खेळ आहेत आणि सगळे फुकट आहेत.

रऊफसर अजून त्या कॉलेजात आहेत. यंदा पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर ते वाक्य लिहिलं, क्षणभर पाहिलं, आणि पुसलं नाही.

संघपालच्या कॉम्प्युटरमध्ये त्या दिवसापासून एकही व्हायरस आलेला नाही.